दारात न मावणारे

महाकाय प्राण्यांविषयी बोलायचा जबलपूरचा हक्क जुना आहे. १८२८ साली कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम स्लीमन याला इथल्या बडा शिमला टेकडीवर काही दगड झालेली हाडं मिळाली. ‘डायनासोर’ हा शब्द तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता. रिचर्ड ओवेनने तो काढला १८४२ मध्ये. हाडं कलकत्त्याला पोचली आणि १८७७ साली रिचर्ड लिडेकरने शेपटीच्या मणक्यांवरून त्या जनावराचं बारसं केलं: टायटनोसॉरस इंडिकस. पुढे तसेच मणके जगात इतक्या ठिकाणी निघाले की मूळ नावाला स्वतःची वेगळी खूण उरली नाही, आणि २००३ मध्ये अभ्यासकांनी ते बाद ठरवलं. कुळाचं नाव मात्र टिकलं. अर्जेंटिनात सापडलेला अर्जेंटिनोसॉरस, पॅटागोटायटन, म्हणजे जमिनीवर चाललेल्या सर्वांत अवजड प्राण्यांमध्ये ज्यांची गणना होते ते सगळे टायटनोसॉर. जगातल्या मोठ्यात मोठ्या धुडांचं आडनाव जबलपूरच्या एका टेकडीवरून निघालेलं आहे, आणि ते इथल्या लोकांना फारसं माहीत नाही.

ही पुस्तिका डायनासोरांची नाही, पण धुडांचीच आहे. पेशव्यांकडे १७८१ मध्ये आणि नागपूरकर भोसल्यांकडे १७९८ मध्ये हा मुलूख आला, १८१७ मध्ये गेला, पण मराठी माणसं इथे राहून गेली. त्यांच्या आजच्या घरांतली काही मुलंमुली सुटीच्या दिवशी कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत जमतात आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ किंवा त्याच घराण्यातला एखादा खेळ मांडतात; त्या खेळासाठी त्यांनी रचलेल्या थोराड पात्रांची ही पुस्तिका. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी चालतात. एक जण सूत्रधार; त्याला ही मुलं डीएम म्हणतात. तो प्रसंग उभा करतो: समोर दरी, पूल तुटलेला, मागून कुणीतरी येतंय. बाकीचे आपापलं पात्र होऊन काय करणार ते बोलतात, आणि ते साधलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा सांगतो. पात्राची कुंडली एका कागदावर असते. त्या कागदावरचा अगदी सुरुवातीचा प्रश्न असा की तू कोण? माणूस, एल्फ, ठेंगणा ड्वॉर्फ, की आठ फुटी गोलायथ, अर्ध्या ऑर्क रक्ताचा हाफ-ऑर्क, बैलाच्या तोंडाचा मिनोटॉर, हत्तीच्या तोंडाचा लॉक्सोडॉन? या प्रकारांना खेळाडू अजून ‘रेस’च म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द ठेवतो.

आणि पुष्कळ जण त्या यादीतलं सगळ्यात थोराड जे असेल ते निवडतात. का, एवढाच या प्रस्तावनेचा विषय.

याचं एक आयतं उत्तर फिरत असतं: किडकिडीत मुलांना कागदावर तरी दंड हवे असतात. हे उत्तर देणारे बहुधा खेळायला बसलेले नसतात. या गटातली सगळ्यात उंच मुलगी, जिला वर्गाच्या फोटोत आणि लग्नाच्या फोटोत कायम मागच्या रांगेत ढकललं जातं, तीही गोलायथच घेते. व्यायामशाळेत जाणारा एक धिप्पाड मुलगाही तेच घेतो. शिवाय नुसतं बळच हवं असेल तर जादूगार घ्यावा. खेळ जसजसा पुढे सरकतो तसतसा जादूगारच सगळ्यांना मागे टाकतो; बोटाच्या इशाऱ्यावर आग पाडणाऱ्यापुढे कुऱ्हाडवाल्याचं काय चालणार? हे मुलांनाही पाठ असतं, तरी ती कुऱ्हाडवालाच निवडतात.

मला वाटतं, ओढ बळाची नसून बळापायी मोजाव्या लागणाऱ्या किमतीची आहे. मोठ्या देहाला जगात वावरताना पावलोपावली काहीतरी मोजावं लागतं, आणि कथा तिथेच जन्मते. एल्फ दारातून आत जातो, तेव्हा तो फक्त आत जातो. गोलायथ दारातून आत जातो तेव्हा आधी प्रश्न पडतो की जातो का?

आपल्याकडे हे फार आधी कळलेलं होतं. महाभारतात एकचक्रा नगरीत पांडव भिक्षेवर राहत होते, तेव्हा कुंती आलेल्या अन्नाचे दोन भाग करायची; अर्धा भाग एकट्या भीमाला, उरलेल्या अर्ध्यात बाकी सगळे. भीमाचं बळ सांगायला व्यासांनी डोंगर उचलवले नाहीत, घरातलं ताट दाखवलं. त्या ताटाची परतफेड म्हणूनच जणू बकासुराकडे जायची पाळी त्याच्यावर आली, आणि गाडाभर अन्न घेऊन गेलेला हा गडी आधी ते अन्न स्वतःच संपवायला बसला. अज्ञातवासात विराटाच्या घरी तो स्वयंपाकी झाला. कीचकाने द्रौपदीला छळलं तेव्हा तिने रात्री गाठलं ते या मुदपाकखान्यातल्या भीमालाच. इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’ या महाभारतातल्या माणसांवरच्या पुस्तकात भीमाला स्वतंत्र प्रकरण नाही. मला ते नेहमी खटकतं, पण भीमाच्या वाट्याला ते येणारच होतं: ज्याच्यावर सगळे विसंबतात त्याच्याविषयी फार कुणी विचार करत नाही.

खेळाच्या नियमांचा इतिहास म्हणजे या किमतीच्या घासाघिशीचाच इतिहास आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत पहिली आवृत्ती काढली, तिच्यात माणूस, एल्फ, ड्वॉर्फ आणि हॉबिट असे चारच पर्याय होते, आणि त्यांपैकी आडदांड एकही नाही. पण त्याच पुस्तिकेत एक खिडकी उघडी ठेवली होती: कुणाला ड्रॅगनच व्हायचं असेल तर हरकत नाही, मात्र त्याने पिल्लापासून सुरुवात करावी. म्हणजे पहिली किंमत होती वेळेची. १९७८च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये हाफ-ऑर्क आला. त्याला ताकदीत एक आणि काटकपणात एक गुण जास्त, आणि लोकांवर छाप पाडण्याच्या गुणात दोन वजा. १९९१च्या ‘डार्क सन’ या वाळवंटी जगात दहा-बारा फुटी हाफ-जायंट आला. त्याच्या बुद्धीला, शहाणपणाला कात्री, आणि वर असा नियम की त्याच्या नीतिमत्तेची एक बाजू रोज सकाळी बदलू शकते. (हा नियम कुणीतरी एकत्र कुटुंबात राहून लिहिला असावा, अशी मला शंका आहे.) २००४ मध्ये ‘रेसेस ऑफ स्टोन’मध्ये गोलायथ आला तेव्हा किंमत पुन्हा वेळेत घेतली गेली: गोलायथ घेणाऱ्याने इतरांपेक्षा एक पायरी मागून चालायचं.

यात एक सोयीची लबाडीही आहे. नियमांत ‘लार्ज’ म्हणून जो आकार आहे तो खेळाडूला द्यायला रचनाकार बिचकतात. मध्यम आकाराचं पात्र पाच फुटी चौकटीत उभं राहतं, मोठ्याला दहा फुटी लागते. म्हणजे एकाच्या जागी चार घरं, मोठं शस्त्र, सगळी लढाई त्याच्याभोवती. म्हणून गोलायथला आठ फूट उंची दिली, पण चौकट पाच फुटांचीच ठेवली. ओझं उचलताना मात्र तो एक आकार मोठा धरायचा. ताकद वीस असेल तर ओझं वाहण्याची मर्यादा एरवी तीनशे पौंड येते, गोलायथची सहाशे; आपल्या हिशेबाने पावणेतीन क्विंटलच्या जवळपास. २०२४च्या आवृत्तीत पाचव्या पातळीपासून दहा मिनिटांपुरतं खरोखर मोठं होता येतं. पन्नास वर्षं वाट पाहून दहा मिनिटं मिळाली.

इथपर्यंतचं सगळं गमतीचं आहे. पण या किमतींमध्ये एक किंमत नासकी आहे, आणि तिच्याविषयी जबलपूरमध्ये बसून गप्प राहणं मला शक्य नाही.

ताकद जास्त म्हणजे अक्कल कमी, हा हिशेब कुणी ठरवला? तिसऱ्या आवृत्तीत, २००० साली, हाफ-ऑर्कची ताकद दोनने वाढवली आणि बुद्धी दोनने घटवली. तेही एका पात्राची नाही, तर त्या रक्ताच्या प्रत्येकाची, जन्मतःच. १९७८च्या पुस्तकात तर बाईच्या ताकदीवरही छापील मर्यादा होती: मानवी पुरुषाची अफाट ताकद शंभर टक्क्यांपर्यंत जाई, स्त्रीची पन्नास टक्क्यांवर अडवलेली. ती मर्यादा पुढच्या, १९८९च्या आवृत्तीत गेली. बुद्धीची कात्री बरीच नंतर गेली.

जन्मावरून माणसांचे गुण ठरवायचा उद्योग या शहराने जवळून पाहिला आहे. हाडं शोधणारा तोच स्लीमन ठगांच्या बंदोबस्तासाठी इतिहासात प्रसिद्ध आहे, आणि त्या मोहिमेचं मुख्य ठाणं जबलपूर होतं. गुन्हेगारी वंशपरंपरेने येते, ही समजूत त्या काळात पक्की होत गेली आणि १८७१ मध्ये तिचा कायदा झाला. अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. तो कायदा जायला १९५२ साल उजाडलं. दुसरीकडे फौजेत ‘लढाऊ जाती’ची यादी तयार होत होती. कोण शूर, कोण भित्रा, कोण धट्टाकट्टा पण हुकमाविना न हलणारा, हे गोरे अधिकारी जातीवरून लिहून ठेवत. त्याच विचारापायी १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या लढलेले लोक एका शेऱ्याने ‘लढाऊ’ यादीतून बाहेर. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, बेळगावला. तिचं केंद्र आज जबलपूरहून काही तासांवरच्या सागरला आहे. जबलपूरच्या छावणीत ग्रेनेडियर्सचं केंद्र आहे. फौजी कुटुंबांतली मुलंही या खेळात बसतात, आणि कॅरेक्टर शीटवरची ‘रेस’ ही ओळ त्यांच्यासाठी अगदीच परक्या देशातली गोष्ट राहत नाही.

इरावतीबाईंचं नाव वर आलंच आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर याच्या हाताखाली डॉक्टरेट करत होत्या. फिशरला कवट्यांच्या उजव्या-डाव्या बाजूंतल्या फरकावरून युरोपीय वंशाचं बौद्धिक श्रेष्ठत्व दाखवून हवं होतं. बाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या आणि वंशाचा या फरकाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष लिहून दिला. परक्या देशात, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून आहे त्याच्यासमोर. नंतर महाभारतातल्या माणसांवर लिहिताना खांडववन जाळलं गेलं तेव्हा तिथे राहणाऱ्यांचं काय झालं, हे विचारणारी लेखिका तीच. खेळाच्या रचनाकारांना मात्र २०२० साल लागलं. त्या वर्षी आलेल्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकाने जन्मावरून मिळणारे गुण हवे तिथे हलवायची मुभा दिली, आणि २०२४ मध्ये ते गुण जन्मापासून सोडवून पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडले. जो गोदीत वाढला तो ताकदवान, मग तो एल्फ का असेना. ‘रेस’ हा शब्दही छापील पुस्तकातून गेला. हाफ-ऑर्क त्या पुस्तकातून गळाला आणि पूर्ण ऑर्क आत आला.

जुने खेळाडू यावर कुरकुरतात की आता सगळे सारखेच झाले, मजा गेली. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. किंमत काढून घेतली की मोठा देह नुसता रंग उरतो, हे खरंच आहे. पण उपाय जुन्या कात्रीकडे परत जाण्यात नाही. किंमत मनाकडून न घेता देहाकडून घ्यावी. ही पुस्तिका तेच करते, आणि तिची मला आवडलेली गोष्ट तीच.

याचा मासला भेडाघाटच्या मोहिमेत बघायला मिळतो. मुलांच्या डीएमने संगमरवरी खडकांची खिंड जशीच्या तशी उचलली आहे: पंचवटी घाटावरून नावेत बसायचं, दोन्ही बाजूंना पांढरे उभे कडे, पुढे बंदरकूदनी, जिथे पूर्वी कडे इतके जवळ होते की माकडं या काठावरून त्या काठावर उड्या मारत असं सांगतात. गटात एक गोलायथ. नियमांप्रमाणे त्याचं वजन सव्वाशे ते दीडशे किलो, वर चिलखत, वर कुऱ्हाड. नावाड्याने, म्हणजे डीएमने, अस्सल जबलपुरी हिंदीत तीन सवाऱ्यांचं भाडं मागितलं, शिवाय बीचोबीच बसायचं आणि हलायचं नाही ही अट. त्या घासाघिशीत अर्धा तास गेला, आणि त्या दिवसातला सगळ्यात जास्त हशा त्याच अर्ध्या तासात झाला. मग बंदरकूदनीपाशी उडी मारायची वेळ आली तेव्हा कुणीतरी नियम उघडला. लांब उडी ताकदीच्या आकड्याइतके फूट. ताकद वीस तर वीस फूट, मग उंची तीन फूट असो की आठ. आठ फुटी देहाला पायांच्या लांबीचा काहीच फायदा नाही! यावर मुलांनी आपला नियम केला: थोराड रेसला उडीत पाच फूट जास्त, पण जिथे उतरेल तिथली जमीन टिकते का यासाठी वेगळा फासा. देहाकडून घेतलेली किंमत ती ही. ती पात्राला लहान करत नाही, जगाला मात्र खरं करते.

पुस्तिकेत अशा रेस पुष्कळ आहेत, सगळ्या सारख्या उतरल्या आहेत असं नाही. दोन-तीन म्हणजे नुसता धोतर नेसवलेला गोलायथ आहे; त्या वाचकाने खुशाल ओलांडाव्यात. कुंभकर्णाच्या वंशाची कल्पना चांगली आहे: लढाईत त्याच्यासारखा कुणी नाही, पण त्याची झोप इतरांच्या दुप्पट, आणि मध्ये उठवलं तर दिवसभर त्याचं सगळं बिघडतं. म्हणजे पहारा बाकीच्यांनी द्यायचा. बळ एकाचं, किंमत सगळ्यांची. गटाचा खेळ असाच असावा.

सगळ्यात जास्त पानं मिळाली आहेत ती हैडिंबांना, घटोत्कचाच्या वंशाला. मिळायलाच हवीत. भीम आणि हिडिंबा यांचा हा मुलगा, दोन्हीकडचा आणि म्हणून पुरता कुणाचाच नसलेला. हाफ-ऑर्क लिहिणाऱ्यांनी याची गोष्ट वाचली असती तर बुद्धीला कात्री लावली नसती. वनवासात थकलेल्या द्रौपदीला खांद्यावर घेऊन डोंगर चढला तो हा. भासाच्या नावावर असलेल्या ‘मध्यमव्यायोग’ नाटकात तर तो आईच्या उपवासाच्या पारण्यासाठी माणूस पकडायला निघतो आणि अनोळखी बापाशीच झुंज घेतो. झाडं, शिखरं, मायेचे पाश, काही चालत नाही, आणि शेवटी बाप सरळ त्याच्याबरोबर हिडिंबेकडे चालू लागतो. आईचा शब्द न मोडणारा हा राक्षस खेळायला कुणालाही आवडेल. हैडिंबांना मुलांनी दिलेली शक्ती आहे आकार बदलण्याची, आणि किंमत अशी: वाढताना जवळ उभा असेल त्याला धक्का बसतो, मग तो शत्रू असो की मित्र.

शेवटची शक्ती मात्र गटात वादाची ठरली. चौदाव्या दिवशीचं युद्ध रात्रीही थांबलं नाही. कर्णाने अर्जुनासाठी जपून ठेवलेली इंद्राची शक्ती घटोत्कचावर सोडली. मरता मरता त्याने देह वाढवला आणि पडताना कौरवांची एक अक्षौहिणी चिरडली. पांडव रडत होते आणि कृष्ण आनंदाने नाचत होता, कारण अर्जुन वाचला. पुढे कृष्ण असंही म्हणतो की हा कर्णाच्या हातून मेला नसता तर मलाच कधीतरी मारावा लागला असता. महाभारतात मोठ्या देहाचा वापर कसा होतो, हे इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच आलं असेल. याच प्रसंगावरून मुलांनी नियम केला आहे: हैडिंबाचं जीवबळ शून्यावर आलं की त्याला एकदाच, शेवटचं, वाढून कोसळता येतं, आणि त्यानंतर ते पात्र परत येत नाही.

वाद असा झाला की हे ठरवायचं कुणी. एका मुलाचं म्हणणं, गटाने मत द्यावं, कारण फायदा गटाचा. डीएमचं म्हणणं, फाशावर सोडावं. मला कुणी विचारलं नव्हतं, पण प्रस्तावना लिहिणाऱ्याला तेवढी सवलत असते म्हणून माझं मत इथे नोंदवतो, आणि छापील नियमातही आता तेच आहे. कोसळायचं की तसंच पडून राहायचं, हे हैडिंबाचा खेळाडू एकटा ठरवेल. तो विचार करत असताना बाकीच्यांनी नकाशाकडे बोट दाखवायचं नाही, शत्रू किती उरलेत ते मोजून सांगायचं नाही, आणि ज्याचं पात्र त्यामुळे वाचणार आहे त्याने तर तोंडच उघडायचं नाही.